गाडीनं अंग टाकलं

डेल्फिया स्टॅम्परनं एकदा नाही म्हटलं की ते नाहीच, हे लॉरेल फोर्कच्या घळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच शुक्रवारी सकाळी पाद्रीबाबा तिच्या ओसरीवर आले ते टोपी हातात धरून बसले, आणि कॉफीचा मग अर्धा होईपर्यंत हवापाण्यावरच बोलत राहिले. डेल्फिया आपली कागदी फुलं करत होती. लाल कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळायची, तारेनं आवळायची, की झाला गुलाब. शेवटी बाबांनी एकदाचं तोंड उघडलं.

"डेल्फिया, रविवारी आर्लिसला वर येऊ दे."

"कशाला?"

"अगं कशाला म्हणजे? बायको आहे त्याची तिथं."

"माझी लेक आहे तिथं," डेल्फिया म्हणाली. "आणि तिला तिथं कुणी पोचवलं ते काय मी तुम्हाला सांगायला हवं?"

बाबांनी उरलेली कॉफी गपचूप संपवली आणि उठले. बिचारे निरोप्या होऊन आले होते, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

मे महिन्यातला शेवटचा रविवार आमच्याकडे कबरी सजवायचा. पोटापाण्यासाठी ओहायोला, इंडियानाला गेलेली माणसंसुद्धा त्या दिवशी पूर्व केंटकीतल्या आपापल्या डोंगराची वाट धरतात. प्रत्येक घराण्याची दफनभूमी वर टेकडीच्या माथ्यावर. गवत कापायचं, खचलेल्या कबरींवर माती घालायची, फुलं वाहायची, एखादं भजन म्हणायचं आणि मग झाडाखाली चादरी अंथरून सगळ्यांनी मिळून जेवायचं. त्या दिवशी ज्याला टेकडी चढायची बंदी, त्याला घराण्यात जागा नाही. वाळीत टाकणं दुसरं काय असतं?

आणि आर्लिस फ्यूगेटला डेल्फियानं वाळीत टाकलं होतं, ते गेल्या सप्टेंबरपासून.

केंड्रा ही डेल्फियाची एकुलती एक लेक. आर्लिस तिचा नवरा. पोरगा वाईट नव्हता. लाकूड कापायच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा, सासूला आई म्हणायचा, हिवाळ्यात न सांगता तिच्या दाराशी सरपण रचून जायचा. त्या सकाळी तो रात्रपाळी करून आला आणि तसाच, पाठ न टेकता, केंड्राला घेऊन शहरातल्या दवाखान्याकडे निघाला. केंड्राला तिसरा महिना होता. खिंडीजवळच्या मोठ्या वळणावर, डावीकडे वळता वळता गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली, आणि उतारावरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला. तो केंड्राच्या बाजूवर आदळला. आर्लिसची खांद्याची हाडं मोडली. केंड्रा तिथंच गेली.

"गाडीनं अंग टाकलं," आर्लिस दवाखान्यात पडल्या पडल्या सांगत होता. "वळणाच्या मधोमध अंग टाकलं, आई. चावी फिरवली, फिरवली. स्टिअरिंग दगड झालं होतं. ब्रेक लागेना."

गाडी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं गाडीत वायर जोडली, आपल्या यंत्रात बघितलं आणि दोष काही सापडत नाही म्हणाला. पोलिसांनी लिहिलं, चालकाला डुलकी लागली असावी. त्या 'असावी'नं पुढचं सगळं काम केलं. रात्रपाळी केलेला माणूस, सकाळची वेळ. सांगायला आणखी काय लागतं?

तरी डेल्फिया सुरुवातीला डळमळत होती. आर्लिस म्हणायचा, हे आधीही झालं होतं, हिवाळ्यात दोनदा, आणि मी सरकारला फोन करून कळवलं होतं. तेव्हा डेल्फियाचा भाऊ हर्शेल खमका, तो म्हणाला, बघूच या. सरकारकडे गाड्यांच्या तक्रारी जातात त्या कुणालाही कॉम्प्युटरवर वाचता येतात. हर्शेलनं शोधून काढलं. तोच महिना, तोच जिल्हा, तीच गाडी. आणि पुढं लिहिलेलं: गाडी एका अंगावर कलंडली, चालकाला इजा नाही.

हर्शेलनं तो कॉम्प्युटर उचलून डेल्फियापुढं आणून ठेवला होता.

"वाच. आम्हाला सांगतो एक, सरकारला सांगतो दुसरं. ती गाडी कधी कलंडली होती गं? ओरखडा तरी होता का तिच्यावर? पैसे उकळायला रचलेल्या गोष्टी आहेत ह्या. चोर तो चोर, वर शिरजोर."

आर्लिस म्हणाला, मी असं बोललोच नाही. पण त्याचं ऐकायला कोण बसलंय? सरकारी कागदावर छापलेलं एकीकडे आणि रात्रपाळीच्या माणसाचं तोंड एकीकडे. डेल्फियानं त्याच दिवशी त्याला सांगितलं, पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस. तेव्हापासून तो कारखान्यामागच्या एका खोलीत राहायचा आणि सगळीकडे पायी जायचा. त्यानंतर त्याला गाडी चालवताना कुणी पाहिलं नाही. रस्त्यात डेल्फिया दिसली तर टोपी काढून "मिसेस स्टॅम्पर" म्हणायचा. आई म्हणायचं त्यानं सोडलं होतं.

तर पाद्रीबाबा गेले आणि थोड्या वेळानं हर्शेल गवत कापायचं मशीन ट्रकमध्ये टाकून आला. त्याच्या पाठोपाठ एक करड्या रंगाची गाडी घळीत शिरली. सरकारी पाटी बघून हर्शेलच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एकतर कर मागायला आलीय, नाहीतर दारूची भट्टी शोधायला. तुझी भट्टी कुठाय, डेल्फी?"

"तुझ्या पोटात," डेल्फिया म्हणाली.

गाडीतून एक बाई उतरली. चाळिशीची, केस आखूड, पायात चिखलाचे बूट. म्हणजे अगदीच खुर्चीत बसणारी नव्हती. तिनं नाव सांगितलं रेनाटा व्हास्को, आणि खातं सांगितलं: गाड्यांमध्ये दोष आहे का ते शोधणारं, राजधानीतलं.

"सरकारी काम अन् सहा महिने थांब," हर्शेल म्हणाला. "आमची पोरगी पुरून झाली, बाई. आता काय शोधताय?"

रेनाटा पायरीशीच थांबली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून आधी विचारते. बोलायची तयारी नसेल तर मी परत जाते."

एवढं अदबीनं सरकार आमच्याशी कधी बोलत नाही. डेल्फियानं फुलांचा ढीग बाजूला सारून तिला खुर्ची दिली.

रेनाटा आली होती ती अपघातासाठी नव्हे, तर त्याच्या आधीच्या हिवाळ्यातल्या तक्रारीसाठी. या प्रकारची गाडी देशभर विकली गेलीय, ती म्हणाली, पण ती कलंडल्याच्या तक्रारी देशात दुसरीकडे कुठंच नाहीत. फक्त या डोंगरातल्या चार-दोन जिल्ह्यांतून आहेत, आणि त्या बऱ्याच आहेत.

"आमचे साहेब म्हणतात, डोंगरातले लोक वळणावर सुसाट जातात, दुसरं काय."

"साहेबांना म्हणावं, या एकदा," हर्शेल म्हणाला. "आमच्या रस्त्यावर सुसाट जाऊन दाखवा."

"पण मला ते पटेना. गाडी कलंडली तर टप चेपतं, नाहीतर दार तरी. यातल्या एकाही गाडीचं तसलं काम कुठल्याच गॅरेजमध्ये झालेलं नाही. इतक्या गाड्या आडव्या पडल्या आणि उठून अंग झाडून घरी गेल्या? असं कसं होईल? म्हणून म्हटलं, एकेक गाडी डोळ्यांनी बघावी."

केंड्राची गाडी खळ्यामागं होती, ताडपत्रीखाली. हर्शेलनंच ती ओढून आणली होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण डेल्फियाच्यानं ती द्यायला होईना, आणि बघायलाही होईना. आताही ती ओसरीवरच थांबली. हर्शेल रेनाटाला घेऊन गेला. ताडपत्री ओढल्याचा आवाज आला तेव्हा डेल्फियानं हातातला कागद चुरगाळला.

बऱ्याच वेळानं दोघं परत आली.

"टप शाबूत आहे," रेनाटा म्हणाली. "ज्या बाजूला ट्रक लागला तेवढंच. दुसऱ्या अंगाला काही नाही. ही गाडी कधी कलंडलेली नाही."

"मी काय म्हणत होतो?" हर्शेलनं मांडीवर थाप मारली. "खोटारडा आहे म्हणून सांगत होतो ना? आता सरकारनंही सांगितलं."

रेनाटानं मान हलवली, पण ती हो म्हणत होती की नाही ते कळत नव्हतं. माणूस सगळी वाट चालून जावा आणि घराला कुलूप असावं, तसा तिचा चेहरा झाला होता. डेल्फियाला तिची कीव आली. कुणाचीही का असेना, पोरगी दमली होती.

"आत ये, पोरी. कॉफी घे. काळीच प्यावी लागेल हां, दूध नासलंय. काल फ्रीजनं अंग टाकलं."

रेनाटा दचकली. "अरे बापरे! कुणाला लागलं तर नाही ना?"

"लागेल कशानं?"

"नाही, म्हणजे... फ्रीज पडला म्हणालात ना?"

"पडेल कशाला? तो काय, उभा आहे." डेल्फियानं बोट केलं. फ्रीज आपल्या कोपऱ्यात ताठ उभा होता, दारावर केंड्राचा लग्नातला फोटो चिकटवलेला.

"पण तुम्ही म्हणालात अंग टाकलं."

हर्शेल पोट धरून हसायला लागला. "घ्या! शिकली-सवरलेली माणसं ही! अहो बाई, अंग टाकलं म्हणजे बंद पडला. जागच्या जागी. आमच्या आज्याच्या काळी खाणीत कोळशाच्या गाड्या खेचरं ओढायची. एखादं खेचर चढावर मध्येच बसायचं. मारा, गोंजारा, शेपटी पिरगाळा, हलायचं नाव नाही. खेचरानं अंग टाकलं, असं म्हणायचे. खेचरं गेली, बोलणं राहिलं. आता पंप अंग टाकतो, ट्रॅक्टर अंग टाकतो, हिचा नवरा होता तो दर रविवारी चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की अंग टाकायचा."

"हर्शेल!" डेल्फिया म्हणाली, पण तीही हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल.

रेनाटा हसली नाही. ती फ्रीजकडे बघत होती.

"आणि मोटार?" तिनं विचारलं. "मोटार अंग टाकते?"

"न टाकायला काय झालं? इंजिन मध्येच बंद पडलं की..." आणि हर्शेलचं वाक्य तिथंच राहिलं.

स्वयंपाकघरात शेगडीवर कॉफी उकळत होती.

"तुमच्या जावयानं त्या हिवाळ्यात आम्हाला फोन केला होता," रेनाटा अगदी हळू म्हणाली. "फोनवर तो काय म्हणाला असेल? त्याच्या शब्दांत सांगा. तुमच्या इकडच्या शब्दांत."

डेल्फियाला सांगायची गरजच नव्हती. दवाखान्यातल्या पलंगावरून तो जे बोलला होता तेच तो फोनवर बोलला असणार. दुसरं काय बोलेल? त्याला दुसरा शब्द येत तरी होता का?

रेनाटानं मोबाइल काढला. पलीकडच्या डोंगरात अँबर्गी नावाचे एक म्हातारे होते, त्यांचीही तशीच तक्रार होती आणि दुपारी ती त्यांच्याकडे जाणार होती. तिनं फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मिस्टर अँबर्गी, एकच विचारते. तुमची गाडी कलंडली होती ना?"

"काय झाली होती?" म्हातारा बहिरट असावा, ओरडूनच बोलत होता.

"कलंडली. आडवी पडली. आमच्याकडे तसं लिहिलंय."

"कुठल्या गाढवानं लिहिलंय? माझी गाडी बरी आडवी पडेल! अहो अंग टाकलं तिनं! पुलावर! चारी चाकं जमिनीवर आणि आत जीव म्हणून नाही! मागून शाळेची बस येत होती, देवानंच वाचवलं! त्या फोनवरच्या पोरीला मी तीनतीनदा सांगितलं, अंग टाकलं, अंग टाकलं. ती म्हणते, कुठल्या अंगावर? मी म्हटलं, बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

रेनाटानं आभार मानून फोन बंद केला.

झालं होतं ते असं. फोन घेणाऱ्या पोरी बसतात तिकडं दूर सपाट मुलखात, जिथं ना डोंगर, ना खाण, ना खेचर. त्यांनी 'अंग टाकलं' ऐकलं आणि 'एका अंगावर कलंडली' असं लिहिलं. ध चा मा झाला. आणि मग कलंडलेल्या गाड्यांचा एक वेगळाच कप्पा भरत गेला, ज्यात कुणाला काही अर्थ लागेना. आणि इंजिनाच्या कप्प्यात देशभरातून आलेल्या किरकोळ तक्रारी पडून राहिल्या. चौकशी सुरू करावी इतकं त्यात काही नाही, असं वरच्यांनी ठरवलं. आमच्या डोंगरातली सगळी माणसं ओरडून सांगत होती, पण ती चुकीच्या दारावर थापा मारत होती. त्यांना तिथं नेऊन उभं केलं होतं दुसऱ्याच कुणीतरी.

"मग तुम्ही हे त्या हिवाळ्यातच नीट लिहिलं असतं," डेल्फिया म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तर केंड्रा जिवंत असती?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणू नकोस! तुझ्या घरातलं गेलं असतं म्हणजे माहीत असतं!"

रेनाटानं मान खाली घातली नाही, की सबबी सांगितल्या नाहीत. "कदाचित असती," ती म्हणाली. "चौकशी सुरू झाली असती, लोकांना सावध केलं असतं. कदाचित. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. आणि हेही सांगते, त्या दिवशी इंजिनच बंद पडलं होतं असं मी आज छातीठोक म्हणू शकत नाही. सोमवारी गाडी नेऊ द्या, इंजिन उघडून बघू, मग बोलू. पण एक गोष्ट मी आज, या टेबलावर सांगते. तुमचा जावई खोटं बोलला नाही. हिवाळ्यात आम्हाला जे सांगितलं तेच त्यानं तुम्हाला सांगितलं. चूक आमच्या लिहिण्यात होती."

हर्शेल टोपीची कड चुरगळत उभा होता. "डेल्फी, तिथं स्पष्ट छापलेलं होतं," तो म्हणाला. "तूही वाचलंस."

"वाचलं," डेल्फिया म्हणाली. "आणि त्यानं तोंडानं सांगितलेलंही ऐकलं होतं."

रेनाटा गेली, हर्शेल गेला, आणि डेल्फिया टेबलाशी बसून राहिली. राग कुणावर काढावा ते तिला कळेना. सरकारवर काढावा, तर ते ठीकच होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे काय आजचं आहे? पण त्या सपाट मुलखातल्या पोरींना हा शब्द माहीत नव्हता. डेल्फियाला होता. ती या शब्दावर वाढली होती. तिच्या बापानं खाणीतून येऊन रोज हा शब्द वापरला, तिनं स्वतः आजच फ्रीजसाठी वापरला. 'अंग टाकलं' आणि 'अंगावर कलंडली' यातला गोंधळ एका क्षणात ओळखायला पृथ्वीवर कुणी लायक असेल तर ती होती. आणि तरी परक्या पोरीनं लिहिलेलं तिला खरं वाटलं आणि घरच्या पोरानं सांगितलेलं खोटं. का? कारण कुणावर तरी खापर फोडायचं होतं, आणि तो हाताशी होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं. हे तिनं मनाशी कबूल केलं तेव्हा तिला मोठ्यानं रडू आलं, आणि ते रडणं केंड्रासाठी की त्या पोरासाठी हे तिलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी ती आपला छोटा ट्रक घेऊन कारखान्यापर्यंत गेली. दाराशी गाडी थांबवून इंजिन चालू ठेवून बसली. आर्लिस खोलीबाहेर बादलीत कपडे धूत होता. पाठमोरा होता. किती वाळला होता! डेल्फियाचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथंच राहिला. माफी मागायची विद्या स्टॅम्परांच्या घराण्यात कुणी शिकलंच नव्हतं. ती तशीच परत आली आणि स्वतःला शिव्या देत सफरचंदाच्या केकचे थर रचत बसली.

रविवारी टेकडीवर गर्दी झाली. ओहायोची भाचरं आली, इंडियानाचे चुलते आले. गवत कापलं गेलं, कबरींवर ताजी माती पडली, फुलांनी माथा नुसता लाल-पिवळा होऊन गेला. एक केंड्राची कबर तेवढी तशीच होती. थंडी-पावसात खचलेली, वर जुनं गवत. हर्शेल सकाळपासून मशीन घेऊन तिच्या अवतीभवती घुटमळत होता, पण हात लावायचा धीर त्याला होत नव्हता.

"डेल्फी," शेवटी तो म्हणाला, "जेवणं थंड होतायत. केंड्राचं करून घेऊ या का?"

"तिचं करणारा खाली उभा आहे," डेल्फिया म्हणाली.

सगळ्यांनी खाली बघितलं. टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्यालगतच्या फाटकाबाहेर, आर्लिस उभा होता. एका हातात दुकानातली फुलं, दुसऱ्या हातात मातीनं भरलेली बादली. वर यायची त्याला बंदी होती, पण रस्ता तर सरकारी होता. फुलं-माती फाटकाशी ठेवून परत जायचं, असं त्यानं ठरवलेलं असणार.

"मला दोन शब्द बोलायचेत," डेल्फियानं पाद्रीबाबांना सांगितलं, आणि सगळ्या गोतावळ्यापुढं उभी राहिली. तिला भाषण कुठलं येतंय? "आर्लिसनं आपल्याला खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी त्याला खोटारडा म्हटलं. तुम्ही माझ्या जिवावर म्हटलंत. यापुढं कुणी म्हणायचं नाही." एवढं बोलून ती वळली आणि आपल्या जुन्या ट्रकमध्ये जाऊन बसली. हर्शेल मान खाली घालून उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

ट्रक खडखडत उतरला आणि फाटकाशी थांबला. आर्लिस दोन पावलं मागं सरला. फुलं काखेत धरून त्यानं टोपी काढली. "मिसेस स्टॅम्पर, मी आत येत नाही. एवढं फक्त—"

"सरकारची बाई आली होती," डेल्फिया म्हणाली. "तू फोनवर काय सांगितलंस आणि त्यांनी काय लिहिलं, ते कळलं मला. गाडीनं अंग टाकलं म्हणालास तू."

आर्लिसनं तिच्याकडे बघितलं. तो आनंदानं उडी मारेल असं तिला वाटलं असेल तर ती चुकली होती.

"मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होतो," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हाला मी शंभरदा सांगितलं. कळायला सरकारचं माणूस यावं लागलं."

"हो," डेल्फिया म्हणाली. "यावं लागलं. मी कसली आई?"

आर्लिसच्या हातातली बादली जड होती, पण ती खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. ओढ्याचं पाणी वाहत होतं. वरून कुणीतरी भजनाचा सूर लावला आणि मध्येच थांबवला.

डेल्फिया ट्रकमधून खाली उतरली. तिनं त्याच्या हातातून बादली घेतली, ती मागं ठेवली, आणि वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली. ज्या बाजूला केंड्रा बसायची त्या बाजूला. दार उघडून ती आत बसली आणि तिनं पट्टा लावला. चावी जागेवरच होती, ड्रायव्हरचं दार उघडं.

"चल," ती म्हणाली. "सगळे जेवायचे थांबलेत."

आर्लिस दाराशी आला आणि थांबला. "माझ्याच्यानं नाही होणार," तो म्हणाला. "त्या दिवसापासून मी... आई, हा चढ फार उभा आहे. आणि मध्येच अंग टाकलं तर?"

"टाकू दे," डेल्फिया म्हणाली. "मी बसलेय ना इथं."

त्यानं आत वाकून काखेतली फुलं तिच्या मांडीवर ठेवली. मग चढून बसला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि चावी फिरवली.